नवा जिल्हा, बाजू पहिली

रत्नम्माचा फोन आला तेव्हा विरूपाक्ष अर्ध्या तांब्या पाण्यात दाढी उरकायच्या खटपटीत होता. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि भले भले लोक पाहुण्याला 'पाणी घेता का' विचारायला बिचकत होते. गालाला साबण, कानाला फोन, आणि नांदेडहून रत्नम्मा म्हणाली, "विरूअण्णा, टेपनं चन्नाला खाल्लं." मग रडणं नाही, नुसतं नाक ओढल्याचा आवाज. टेप म्हणजे तिचा जुना टेपरेकॉर्डर. खाल्लं म्हणजे कॅसेटची फीत त्यानं आत ओढून चुरगाळली, कात्रीनं तुकडे करून काढावी लागली. हे सगळं ती दवाखान्यातून घरी आलेल्या बाईनं सांगावं तसं सांगत राहिली आणि विरूपाक्ष 'हं, हं' करत राहिला. साबण वाळून गालाची कातडी ओढली जायला लागली. एका कॅसेटपायी या वयात इतकं वाईट वाटावं याची त्याला स्वतःचीच लाज वाटली. फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ आरशात बघत बसला. सुनेनं दोनदा हाक मारून दाढीचं पाणी कुंडीत ओतायला मागितलं.

चन्ना म्हणजे चन्नबसप्पा, रत्नम्माचा थोरला भाऊ आणि विरूपाक्षचा जिवाचा दोस्त. त्याला जाऊन आता पाव शतक उलटलं. दर वर्षी त्याच्या स्मरणाच्या दिवशी रत्नम्मा ती कॅसेट लावायची, पहिली बाजू फक्त, आणि एकदाच. लातूर त्या काळात नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि जो उठे त्याला काहीतरी नवं काढायची घाई सुटली होती. कुणी लॉज काढलं, कुणी पतपेढी, कुणी नुसतीच पाटी रंगवून ठेवली. चन्ना, विरूपाक्ष आणि कॉलेजला आलेला भोकरचा शेषेराव, या तिघांनी काढला रॉक बँड. नाव ठेवलं 'नवा जिल्हा'. रॉक म्हणजे काय, हे तिघांपैकी कुणालाच धड ठाऊक नव्हतं. हैदराबादहून कुणीतरी आणलेल्या दोन-तीन विलायती कॅसेटी ऐकून जे डोक्यात शिरलं, आणि मठातल्या भजनात आधीपासून जे होतं, त्याची त्यांनी खिचडी केली. चन्नाकडं एक इलेक्ट्रिक गिटार होती, तिची एखादी तार कायम तुटलेली. विरूपाक्षकडं भजनाची पेटी. आणि शेषेराव काय वाजवी, तर समोर येईल ते.

समोर त्या साली घागरी होत्या. दुष्काळच तसा होता. गल्लीतल्या बायका नळाला पाणी यायच्या आशेवर रिकाम्या घागरी, कळशा, हंडे रांगेत लावून घरी जात. शेषेराव दोन पळ्या घेऊन त्या रांगेसमोर मांडी ठोकी आणि वाजवत सुटे. पितळेची वेगळी बोले, स्टीलची वेगळी, पोचा आलेली तर माणसागत कण्हायची. विरूपाक्ष ओट्यावर पेटी घेऊन बसे. मग नळ खाकरला की बायका धावत येत, 'मुडद्या, सोड माझी घागर!' म्हणून पळीसकट ओढून नेत, आणि वाजवणं तिथंच तुटे. चन्नाला हे फार आवडायचं. "पाणी आलं की गाणं संपलं. ह्याच्यावर आनखी काय शेवट करायचा, सांग," तो म्हणायचा. कॅसेटची दुसरी बाजू म्हणजे हेच सगळं, बायकांच्या शिव्यांसकट. आज तो प्रकार ऐकून पुण्या-मुंबईची पोरं त्याला प्रयोग वगैरे म्हणतील. तेव्हा तो नळ होता.

चन्नाचा गळा मात्र फक्त पहिल्या बाजूला आहे, आणि ती बाजू त्याच्या वडलांच्या दालमिलमध्ये भरली. माणिकप्पांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं तोलून. त्या वर्षी तुरी आल्याच नाहीत, मिल महिनोन् महिने बंद. चन्नानं भीत भीत विचारलं की आम्हाला मिलचा आवाज पाहिजे, दुपारी मोटर लावून देता का. अप्पा म्हणाले, "लावायची तर मीच लावनार. तुमचे हात जातील." पण रिकामी मिल फिरवणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. रिकामं जातं फिरवू नये, रिकामा पाळणा हलवू नये, तसंच हे. म्हणून ते कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर तूर आणत, वरच्या पत्र्याच्या पन्हळीसारख्या नाळक्यात टाकत आणि मगच खटका ओढत. टेपवर सगळ्यात आधी ऐकू येते ती ती मूठभर तूर, पत्र्यावरून घरंगळत जाणारी. मग पट्टा फटफटायला लागतो, चाळण्या थरथरतात, पेटी सुरू होते आणि चन्ना गातो: 'पाटी बदलली, रस्ता तोच, रस्ता बदलला, धूळ तीच.' विरूपाक्षला ती दुपार अजून नाकात येई, डाळीच्या भुशाचा गोडसर वास, भट्टीसारखा तापलेला पत्रा, आणि खटक्यापाशी स्टुलावर डोळे मिटून बसलेले अप्पा. चन्ना त्यांच्याकडं पाठ करून गायचा. लाजायचा बिचारा.

त्यातच ती गंमत झाली. मोटर सुरू झाली की मिलचा बल्ब पिवळा पडायचा. लाइट आधीच अशक्त, त्यात मोटर ती सगळी पिऊन टाकायची. शेषेरावचा टेपरेकॉर्डर त्याच लाइटवर, म्हणजे तोही मंद फिरायचा, आणि तिघांपैकी एकालाही हे सुचलं नाही. प्रती काढायला धाडलेल्या कॅसेटी हैदराबादहून तयार होऊन आल्या, घरच्या चांगल्या लाइटवर लावल्या, तर मंद भरलेलं सगळं भरभर पळायला लागलं. मोटर किरकिरायला लागली, पेटी चिरकायला लागली, आणि चन्नाचा आवाज असा बारीक, असा कोवळा आणि धापा टाकणारा झाला की हा बाप्या आहे की बाई आहे की पोर आहे, कळेना. शेषेरावनं डोकं खाजवून कारण शोधलं आणि कपाळाला हात लावला. चन्ना आधी गप्प झाला, मग पुन्हा लावून ऐकलं, आणि मग खुशीत येऊन त्यानं विरूपाक्षच्या पाठीत गुद्दा घातला. "राहू द्या रे! कुनाचाच वाटत न्हाई हा आवाज. असाच भारी हाय." नव्यानं करायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं, त्यामुळं तसंच राहिलं. पुढं एका कचेरीतल्या साहेबांनी 'नवा जिल्हा' हे नाव वाचून, ही जिल्ह्याची माहितीपर कॅसेट असणार म्हणून, डझनभर नेल्या आणि गावोगाव चावडीवर वाजवायला धाडल्या. खेड्यातली माणसं म्हणे शेवटपर्यंत बसून ऐकत, योजना कधी सांगतात म्हणून. हे आठवलं की विरूपाक्ष अजूनही एकटाच हसे.

हसू संपे ते अप्पांपाशी येऊन. कॅसेटी आल्या त्याच दिवशी चन्नानं त्या अप्पांसमोर लावल्या. विरूपाक्ष मध्येच, दारात आलेली खाट उतरवायला म्हणून बाहेर गेला होता. परत आला तेव्हा पहिली बाजू संपून टेप खट्‌ करून बंद पडला होता. अप्पा गादीवरून उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "हा आमचा चन्ना न्हाई." आणि मिलकडं गेले. एवढंच. चन्नाचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं ते विरूपाक्षला आयुष्यभर विसरता आलं नाही. दोन दिवसांनी तो गिटार घेऊन हैदराबादला निघून गेला. तिथं लग्नाच्या पार्ट्यांत वाजवायचा, पत्र धाडायचा ते रत्नम्माला, बापाला कधी नाही. मग कावीळ अंगावर काढली, आणि एक दिवस त्याला घेऊन गाडीच आली. मिलच्या मागच्या शेतात त्याला लिंगायत रीतीनं बसवून माती दिली. त्या दिवसापासून रत्नम्मा बापाशी बोलली नाही. म्हातारपणी अप्पांना तिनंच नांदेडला आपल्या घरी नेलं. भाकरी दुधात कुस्करून भरवते, अंघोळ घालते, औषध देते. पण शब्द नाही. सांगायचं असेल ते नवऱ्याला सांगते: "अप्पांना म्हणावं, उठा." नव्वदीला टेकलेला तो माणूस, आणि रोज अन्न भरवणाऱ्या मुलीच्या तोंडून 'अप्पा' ही हाक त्याला नाही. विरूपाक्षला तिचा राग कधी आला नाही. त्यालाही तसंच वाटायचं.

त्याच्याकडं मूळ कॅसेट होती, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत. ती घेऊन तो दुपारी मलप्पाकडं गेला. मलप्पा लग्नाच्या शूटिंगवाला. गळ्यात टॉवेल, टेबलावर कॉम्प्युटर आणि पाण्याचा जार, त्यावर 'विचारून घ्या' लिहिलेलं. त्यानं कॅसेट आत घेतली, थोडी ऐकली आणि मान हलवली. "काका, हे पळायलंय. बराबर करू का? पन बराबर म्हंजे किती, ते तुमीच सांगा." विरूपाक्ष एकदम उभाच राहिला. इतकी वर्षं हे होऊ शकतं असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. चन्नाचा खरा आवाज! तो कसा होता? त्यानं आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. डोळे, दात, चालताना एक खांदा पाडायची सवय, सगळं आठवत होतं, पण आवाज म्हटला की कानात तोच कॅसेटवरचा बारीक आवाज उभा राहायचा. एवढ्या जवळच्या माणसाचा आवाज आपल्याकडून हरवला आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की तो मलप्पाच्या जारमधलं पाणी न विचारता प्यायला. मग त्याला पेटी आठवली. तीच पेटी होती टेपवर, आणि अजून घरात होती. रिक्षा करून पेटी आणली, भाता हलवून पहिला सूर धरला आणि मलप्पाला म्हणाला, "टेपवरची पेटी ह्या सुरावर उतरव." मलप्पा कॉम्प्युटरवर मंद करत गेला. पेटी खाली खाली आली, आणि दोन पेट्यांचा एक सूर झाला. आता चन्ना सुरू होणार तेवढ्यात विरूपाक्ष ओरडला, "थांब! बंद कर!" ते आपण एकट्यानं, इथं, दोन लग्नांच्या अल्बमांच्या मध्ये बसून ऐकायचं नाही, एवढंच त्याला कळलं. मलप्पानं गाणं फोनमध्ये घालून दिलं. दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या नांदेड गाडीत बसला.

अहमदपूर येईपर्यंत खिडकीतून नुसती काळी, भेगाळलेली रानं. खिशातल्या फोनवर हात ठेवून विरूपाक्ष बसला होता आणि मन एकाच जागी घिरट्या घालत होतं. रत्नम्माला हा आवाज आवडेल का? तिला तिचा भाऊ पाहिजे होता. तिचा भाऊ म्हणजे आता ती बारीक, पळणारी कॅसेट. आपण दुसराच कुणी तिच्या पुढ्यात नेऊन बसवणार आणि म्हणणार, हा घे. ती म्हणेल, हा आमचा चन्ना नाही. हे वाक्य मनात आलं आणि ते कुणाचं, हे विरूपाक्षला लगेच आठवलं. गाडी कुठल्याशा फाट्यावर थांबली, माणसं चढली-उतरली, त्याला काही कळलं नाही. त्यानं भोकरला शेषेरावला फोन लावला.

"कोन, विरू? लई वर्षानं रे! पानी हाय का तुमच्याकडं?" शेषेराव शेतातून ओरडत होता.

"ते राहू दे. कॅसेट लावली त्या दिवशी तू अप्पांजवळ बसला होतास. मी बाहेर गेलो होतो. ते काय म्हणले होते?"

"हा आमचा चन्ना न्हाई म्हनले की."

"त्याच्या आधी?"

शेषेराव आठवायला लागला. मागं कुठंतरी एक रेडा रेकला. "आधी... आधी दोनदा इचारलं त्यांनी. चन्नाचं कधी लागतंय, म्हून. चन्ना म्हनला, हेच की अप्पा. मंग बसले गप. बाजू संपूस्तोर बसले." आणि मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "का रे? काय झालं?"

'नंतर करतो' म्हणून विरूपाक्षनं फोन ठेवला. मिलमध्ये खटक्यापाशी बसून त्या माणसानं रोज पोराचा खरा आवाज ऐकला होता, मोटरच्या धबडग्यातून, डोळे मिटून. तोच ऐकायला तो गादीवर बसला होता. लागला भलताच कुणाचा. त्यानं जे ऐकलं ते सांगितलं, बस्स. आणि इकडं एका पोरानं घर सोडलं, एका पोरीनं जीभ शिवून घेतली, आणि त्याला स्वतःला, विरूपाक्षला, टेप पळतो हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असून दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून बघता आल्या नाहीत. लोह्याच्या पुढं त्यानं खिडकीकडं तोंड करून रडून घेतलं. शेजारच्या बाईनं आपली पिशवी जरा लांब सरकवली.

रत्नम्मानं दार उघडलं आणि हात जोडून त्यांच्याकडचा नमस्कार केला. "शरणार्थी, अण्णा. या." ती बरीच वाळली होती. मधल्या खोलीत खाटेवर अप्पा पाठमोरे निजलेले, अंगावर पांढरी चादर, आत माणूस आहे की नाही कळू नये एवढे बारीक. "ऐकू येत न्हाई त्यांना आता," ती म्हणाली, त्यांच्याकडं न बघता. "बारीक आवाज तर बिलकुल न्हाई. माझा फोन वाजला तरी कळत न्हाई." विरूपाक्षनं चहा घेतला. मग खिशातला फोन काढून म्हणाला, "रत्नम्मा, आवाज जरा जाड लागंल. टेप पळायला होता ना, तो सरळ केलाय." ती आत जाऊन एक स्टीलचं पातेलं घेऊन आली, फोन त्यात उभा ठेवला, म्हणजे आवाज मोठा होतो.

तूर घरंगळली. सावकाश, एकेक दाणा कळावा अशी. मोटर आता किरकिरत नव्हती. जडपणानं घुमत होती, जमिनीतून यावी तशी. पेटी लागली. आणि चन्नानं घसा साफ केला. हे खाकरणं कॅसेटवर कधी ऐकूच आलं नव्हतं, कुठंतरी चिरकून गेलं होतं. मग तो गायला लागला. रुंद, थोडा बसलेला, शब्द तोलून टाकणारा आवाज. रत्नम्मानं विरूपाक्षचं मनगट गच्च धरलं.

"अण्णा, हे तर अप्पा हायत."

"चन्ना हाय."

"न्हाई, अप्पा हायत. अप्पांचा आवाज मला कळत न्हाई का?"

"त्याचा आवाज तसाच होता, रत्ना. बापासारखा. तू विसरलीस. मीबी विसरलो होतो." आणि मग त्याला थांबता आलं नाही. शेषेराव जे बोलला ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. दोनदा विचारलं, चन्नाचं कधी लागतंय. शेवटपर्यंत वाट बघत बसले. ती ऐकत होती, पण त्याच्याकडं बघत नव्हती. तिचा हात अजून त्याच्या मनगटावर होता आणि नखं रुतली होती. आवडलं की नाही, पटलं की नाही, काहीच कळेना. एवढ्या वर्षांचा राग धरून ठेवायला एक वाक्य होतं, आणि तेही आपण तिच्या हातातून काढून घेतलं, असं वाटून विरूपाक्षला तिची भीती वाटली. पातेल्यात चन्ना गात होता.

खाट करकरली. अप्पा कूस बदलत होते. मान उचलायचा प्रयत्न झाला, जमला नाही, मग त्यांनी तसंच पडल्या पडल्या, छताकडं बघत, कुणाला उद्देशून नाही असं म्हटलं, "चन्ना आलाय का?"

अप्पांनी थोडी वाट बघितली. गाणं चालूच होतं, आणि त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते का नुसतेच थरथरत होते, सांगता येत नव्हतं.

"दुपार झाली," ते म्हणाले. "त्याला म्हना, पहिलं जेवून घे."

रत्नम्मानं विरूपाक्षचं मनगट सोडलं. ती उठली, पदर खोचला, मधल्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. विरूपाक्षला वाटलं, आता ती नवऱ्याला हाक मारेल. तिनं खाटेपाशी जाऊन वाकून, म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"हाव अप्पा," ती म्हणाली. "वाढायलेय त्याला."